उसना स्पर्श

"बोटं दे गं तुझी," आई म्हणाली. दोघींनी एकीचा स्पर्श दुसरीला उसना देणारे पातळ हातमोजे चढवले. वैजयंतीची बोटं तासाभरासाठी बधिर झाली आणि केमोने बधिर झालेल्या आईच्या बोटांना सगळं कळू लागलं. थेरपिस्ट तांबोळीबाईंनी आईला गव्हले वळायला सांगितले होते, लग्नघरात वळतात ते रव्याचे गव्हाएवढे दाणे.

चार दाणे वळून आईने परात सरकवली. थंड वाटी, उशीची शिवण, भिंतीचा पोपडा असं एकेक ती चाचपत सुटली.

"आई, गव्हले!"

"लग्न कुणाचं अडलंय? तुझं तर तू होऊच दिलं नाहीस." हसत तिने वैजयंतीच्या गालावर हात ठेवला. "किती वाळलीस गं!"

"वेळ संपली," म्हणत वैजयंतीने मोजे काढले. तास अजून भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईला ताप चढला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर तांबोळीबाई मोजे न्यायला आल्या. मोज्यांतली नोंद बघत त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी नऊ मिनिटं आधीच बंद केलेलं दिसतंय. काही टोचत होतं का?"

वैजयंतीने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं.

"मला घाई नव्हती, आई," ती मोठ्याने म्हणाली. "तुझा हात आणखी क्षणभर राहिला असता, तर मी तुझ्यासमोर रडले असते."