बॅरनचा दोष

अंबाल्याच्या छावणीत त्या सकाळी कॅप्टन लेथब्रिजच्या छातीवर चौथं पदक लागलं. नदीकाठच्या लढाईत आमचा सगळा रिसाला तोफांपुढं थबकला होता, तेव्हा हा एकटाच घोडा फेकत पुढं गेला. ते पाहून आम्हालाही हुरूप आला आणि तोफा हाती लागल्या.

दुपारी थकलेल्या घोड्यांची छाननी झाली. दोष निघाला की घोड्याला गोळी, ही रिसाल्याची रीत. त्यात कॅप्टनचा तोच घोडा, बॅरन, पुढं आणला गेला.

कर्नलसाहेब हसले. "अरे, याला कसली गोळी घालता? लेथब्रिज, तुझं अर्धं पदक याचंच आहे की! खाऊ दे बिचाऱ्याला पागेत बसून."

सईस झंडूच्या डोळ्यांत पाणीच आलं. बॅरनच्या मानेवर थोपटत तो म्हणाला, "देव तुमचं भलं करो, हुजूर! लेकरासारखा सांभाळीन. दात पडले, पण रग बघा याची. बिगूल वाजला की अजून सुटतोच पुढं, माझ्या बापालाही आवरायचा नाही!"

रिसालदार खो खो हसले. कॅप्टनचा हात मात्र नकळत पदकाकडं गेला.

"नको, साहेब. गोळीच घाला. घोडा धोक्याचा आहे."

"धोक्याचा? हा? दोष काय त्याच्यात?"

कॅप्टननं घोड्याकडं पाहायचं टाळलं.



"कितीही लगाम खेचा, मागं वळतच नाही."