सीलंटखालचं कुंकू

“बाबा, ही गाडी नक्की कुणासाठी चमकवता हो? फाटकाबाहेर तर कधी निघतच नाही!”

बाबांना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शलाकानं विचारूनच टाकलं. बाबा पांढऱ्या गाडीवर रंग जपणाऱ्या सीलंटचा पातळ हात देत राहिले. तो वाळून धुरकट झाल्यावर तीही फडकं घेऊन पुसायला लागली. बॉनेट लखलखलं, पण मधोमध एक फिकट गुलाबी डाग उरला. तिनं क्लीनरची बाटली उचलली.

“तिथं नको!” बाबांनी तिचा हात धरला.

गाडीच्या पूजेला ताईनं काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा होता तो डाग. ताई घरच्यांना न जुमानता लग्न करून मिरजेला गेली, तेव्हापासून घरात तिचं नावही निघत नव्हतं. आणि बाबा दर महिन्याला तो डाग सीलंटखाली जपत होते!

आई चहा घेऊन आली. तिचीही नजर नेमकी तिथंच खिळली. शलाकाला ताईनं घातलेली घट्ट वेणी आठवली.

“ऐका दोघंही,” ती फडकं झटकत म्हणाली, “उद्या मी ताईला आणायला मिरजेला जातेय. एसटीनं की या गाडीनं, तेवढं तुम्ही ठरवा.”