सगळं पुसायचं?

भर दुपारी डिंगोरे गावातल्या आपल्या खोलीत प्रबुद्धचं डोकं फिरलं होतं. पुण्याहून एकेक पार्ट आणून त्यानं गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता, आणि गेम सुरू केला की तो बंद पडत होता. आता जुनी सिस्टिम काढून लिनक्सच टाकतो, असं म्हणून त्यानं पेनड्राइव्ह खुपसला.

"प्रबुद्धा, जेवाय ये," आई चिमाबाईनं स्वयंपाकघरातून तिसरी हाक मारली.

"माझं ताट वाढू नको, किती येळा सांगू?" तो खेकसला.

स्क्रीननं विचारलं, आधीचं सगळं पुसायचं का? रागाच्या भरात त्यानं 'हो' दाबलं.

मग पुढचा प्रश्न आला: तुम्ही कोण?

त्यानं कीबोर्डला हात लावायच्या आधीच रकान्यात नाव उमटलं, 'प्रबुद्ध'. खाली पासवर्डचे ठिपके एकेक करून पडू लागले. त्यानं चिडून कीबोर्डची वायर उपटली. ठिपके पडतच राहिले, आणि शेवटी हिरवी खूण आली.

"कोन मस्करी करतंय? प्रबुद्ध मी हाय!" त्यानं टेबलावर मूठ आपटली.

स्वयंपाकघरात ताट सरकल्याचा आवाज झाला. मग चिमाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "तू जेव, प्रबुद्धा. खोलीत कोन वरडतंय, ते मी बघते."