भाजक

“एक कारण सांग, उज्वला. फक्त एक,” जीवन म्हणाला. सकाळपासून तो बैठकीच्या खोलीतून बेडरूममध्ये आणि तिथून पुन्हा बैठकीत येरझाऱ्या घालत होता. बाहेर बायको भरलेली बॅग पायाशी घेऊन बसली होती. आत कॉम्प्युटर त्याच्या लाडक्या संख्येचा हिशेब संपवत आला होता. कुणाकडे बघावं ते बिचाऱ्याला कळेना.

संख्या साधीसुधी नव्हती, कोटीभर अंकांची होती. कागदावर उतरवली असती तर ते गठ्ठे ठेवायला कपाटातल्या साड्या बाहेर काढाव्या लागल्या असत्या. ती मूळ संख्या निघावी, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जाऊ नये, एवढंच जीवनला हवं होतं. त्यासाठी दिवाळीपासून कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू होता. तो तापू नये म्हणून घरातला टेबल फॅनही त्याच्याच तोंडाशी लावला होता.

“आईचं काही बोलणं लागलं का?”

“नाही.”

“हा फॅन? आत्ता काढतो.”

“फॅनसाठी कुणी घर सोडतं का?”

“मग माझी सातपूरची नाइट शिफ्ट? की दुसरं कुणी...”

“नाही हो.” उज्वलाचे डोळे भरून आले. एकेक कारण तिनेही कितीदा लावून पाहिलं होतं. एकही बसत नव्हतं. “आपलं नाही जमत, एवढं मला पक्कं कळलंय. का, ते नाही सांगता येत.”

“कारण सापडत नाही, तर जमत नाही कशावरून? हे काय उत्तर झालं?”

तिचा फोन वाजला. तिला न्यायला चांदवडहून निघालेला भाऊ शहरात शिरून द्वारका चौकाच्या सिग्नलपर्यंत आला होता. तेवढ्यात आत कॉम्प्युटर टुणकन वाजला आणि जीवन धावला.

उज्वलाला राहवेना. ती दारात जाऊन उभी राहिली.

“काय झालं?”

“मूळ नाही.” त्याचा चेहरा पार उतरला होता. “भाग जातो.”

“कितीने?”

“ते नाही कळलं.”

“मग भाग जातो कशावरून?”

गणिताचं कुणी काही विचारलं की जीवनला बाकी जगाचं भान राहत नसे. आताही राहिलं नाही. “अगं, भाजक सापडावाच लागत नाही! आधी लाखो लावून बघितले, एकही लागला नाही. पण ही कसोटी वेगळी आहे. मूळ संख्या तिच्यात पास होतेच. ही झाली नाही. म्हणजे भाग जातो, शंकाच नाही. कितीने, ते कदाचित आपल्या हयातीत कुणालाच कळणार नाही. पण म्हणून उत्तर खोटं ठरतं का?”

खाली हॉर्न वाजला.

“मग मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय?” उज्वला म्हणाली.