पहिला भाग की तिसरा

पिंप्राळ्याच्या घरात दुपारची भांडी आवरली की प्रमिला आणि तिची नणंद रत्ना टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बसायच्या. त्या गेमचे तीन भाग निघाले होते. प्रमिलाला पहिला आवडायचा, रत्नाला तिसरा. “पहिल्यात नुसतं पळायचं! वहिनी, तुला खेळातलं काही कळत नाही,” रत्ना गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात सांगायची. लग्न होऊन ती साक्रीला गेली आणि दिवाळीला पहिल्यांदा माहेरी आली. प्रमिलाने मुद्दाम पहिला भाग लावला. “याची सर तिसऱ्याला नाही,” ती म्हणाली. रत्ना हळूच म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” “अगं, मी ‘तुम्ही’ कधीपासून झाले?” म्हणत प्रमिलाने टपली मारायला हात उचलला, तशी रत्नाने चटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं. प्रमिलाने तिला जवळ ओढलं. “भांड गं माझ्याशी,” ती रडत म्हणाली.