उपकेंद्राला तोरण

आरोग्य उपकेंद्राच्या दाराला तोरण लागलेलं पाहून नंदिनी वाटेतच थबकली.

आंब्याची पानं, मधेमधे झेंडू. दोन खोल्यांची ती सरकारी इमारत तिनं अशी कधीच पाहिली नव्हती. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, खाली गेरूचा पट्टा, सारवलेल्या अंगणात रांगोळी. गावातली म्हातारी गिरजाबाई उंबऱ्याशी बसून शेवटचा कोपरा सारवत होती.

नंदिनी या गावची नर्सबाई. जूनमध्ये मुलीला शाळेत घालायचं म्हणून ब्रह्मपुरीला आपल्या घरी गेली आणि मागं नाला भरला. भामरागडकडच्या वाटा पावसाळ्यात तुटतातच, तेव्हा सुरुवातीला तिचा नाइलाज होता. पण पुढं नाला उतरला, जीपा सुरू झाल्या, तरी ती आजारपणाचे अर्ज पाठवत घरीच राहिली. दिवाळी झाली की साहेब तपासणीला येणार, असा निरोप आला तेव्हा कुठं तिनं बॅग भरली. तिचं घर बौद्ध; अशोक विजयादशमी झाली की तिच्या घरचा मोठा सण संपायचा, त्यामुळं ऐन दिवाळीच्या दिवशी निघायला कुणाची आडकाठी नव्हती.

वाटेत तिनं बोलणी खायची तयारी केली होती. सबबी मनात घोळवल्या होत्या. तोरणाची तयारी मात्र तिनं केली नव्हती.

"आल्या का बाई?" गिरजाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बसा ओसरीत. आत नोका जाऊ, ओलं हाय."

ओसरीत औषधांची पेटी, वजनकाटा आणि टेबल प्लास्टिकखाली नीट झाकून ठेवलेलं होतं. सारवायला बाहेर काढलं असणार. दाराचं कुलूप कसं निघालं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. किल्ली तर तिच्याच पर्समध्ये होती.

गिरजाबाईची सून मैना पोराला कडेवर घेऊन आली. ब्रह्मपुरीला जायच्या आधी नंदिनीनं तिला तपासलं होतं, लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, "बाळंतपणाले मी इथीच हाय, भिऊ नको."

"कधी झाला गं?" नंदिनीनं विचारलं.

"पोळ्याच्या आधी. नाला भरून होता. खाटेवर टाकून नेलं मले, पाणी पाहून वापस आणलं." मैना साधेपणानं सांगत होती. "घरीच मोकळी झाली मी. मंग ताप धरला. दूध आटलं. पोरगं रडाचंबी बंद झालं होतं."

नंदिनीनं पोराला मांडीवर घेतलं. अंगानं चांगलं भरलेलं होतं. तिचं बोट घट्ट धरून ते तिच्याकडं टक लावून पाहू लागलं.

"मंग?"

"मंग काय, जगलं," गिरजाबाई म्हणाली. "जिच्यानं जगलं तिच्यासाठीच तर हे सारं करून राह्यलो. सालभर ती आपल्याले देतच राह्यते. एक दिवस आपण तिच्यासाठी नाई करावं?"

नंदिनीचे कान तापले. मूठभर गोळ्या देऊन ती निघून गेली होती आणि ही माणसं पोर जगल्याचं श्रेय तिला देत होती. क्षणभर तिला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मग तिला जास्त लाज वाटली.

तेवढ्यात गिरजाबाईचा मुलगा पोचू सुपात झेंडूचा हार घेऊन आला. भलामोठा, हाताएवढा जाड. "माय, झाला पाहा," तो म्हणाला.

नंदिनी उठली. पोर मैनाच्या हाती देऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"गिरजाबाई, हा हार नोका घालू."

सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"मी आजारी नव्हती," नंदिनी म्हणाली. "पोरगी शाळेत गेली तवाच माझं काम झालं होतं. नाला उतरल्यावर येता आलं असतं. नाई आली. इथी मैना तापानं फणफणत होती आन् मी घरी पंख्याखाली बसून होती. तुमी भिंती पोतारल्या, तोरण बांधलं. माझ्यासाठी एवढं करू नोका. मी त्या लायकीची नाई."

मैनानं सासूकडं पाहिलं. पोचूनं हाराकडं पाहिलं आणि सूप हळूच पाठीमागं नेलं. गिरजाबाई हातावरची वाळलेली माती खरवडत राहिली. तिच्या चेहऱ्यावर संकोच होता, पाहुण्याच्या ताटात काही वाढायचं राहून जावं तसा.

"चहा घ्या बाई," अखेर ती म्हणाली. "मैना, बाईसाठी चहा ठेव."

त्या मायेनं नंदिनीला रडूच आलं. एवढं ऐकूनही यांना चहाच सुचतो. तिनं पदरानं डोळे टिपले.

"आता मी इथीच राहीन," ती म्हणाली. "साहेब येवो का न येवो. हे दार यापुढं बंद नाई राहणार."

गिरजाबाईनं मान हलवली, पण तिचं लक्ष नंदिनीच्या पलीकडं, वाटेवर होतं. ऊन उतरलं होतं. पोचू सूप घेऊन अंगणात उतरला. गिरजाबाईनं हात लुगड्याला पुसला आणि नंदिनीचं कोपर हलकेच धरलं.

"बाई, दारातून जराशा सरा. आमचा गोठा पाण्यात गेला तवापासून गाय इथीच बांधतो, तिच्याच दुधावर पोरगं जगलं. ती येऊन राह्यली."