सुटा पार्ट

वाघोलीच्या शूटिंग रेंजवर निवड चाचणी चालू होती. उत्कर्षाच्या तिसऱ्या शॉटनंतर तिच्या एअर रायफलखाली एक काळा, टणक तुकडा पडलेला दिसला.

"हा कुठला पार्ट ते कळेपर्यंत ही रायफल बंद," सर म्हणाले. वेळ निघून चालला होता, माझी लेक रडकुंडीला आलेली.

दोन इंजिनिअर बाबा तुकडा निरखत होते.

"ट्रिगरचा स्टॉपर असणार."

"अहो, हे रबर तरी आहे का?"

मी लांबूनच ओळखला. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या जॅकेटच्या अस्तरात मीच शिवलेला बिब्बा. सॉफ्टवेअरमधल्या बाईनं हे चारचौघांत सांगायचं कसं? तरी उठले.


बघते तर आणखी तीन आया आपापल्या मुलांच्या जॅकेटचं अस्तर चाचपत होत्या.